तिसरा अर्ज

विद्यापीठाला शंभर वर्षं पूर्ण व्हायला चौदा महिने उरले, तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की आपल्याकडून आजवर नेमकी किती माणसं शिकून बाहेर पडली, हे सांगू शकेल असं ऑफिसात कुणी उरलेलंच नाही. गेल्या वीस वर्षांचं सगळं संगणकात होतं. त्याआधीचं तळघरात, कापडी बांधणीच्या जाडजूड रजिस्टरांत. ती रजिस्टरं वाचणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं. दर दहा वर्षांनी कारकून बदललेला, अक्षर बदललेलं, खुणा बदललेल्या. कुणी उत्तीर्णाला टिंब दिलेलं, कुणी फुली. शताब्दीचा इतिहास लिहायची जबाबदारी ज्यांच्यावर होती त्या इतिहासाच्या बाई दोन दिवस तळघरात बसल्या आणि तिसऱ्या दिवशी वर येऊन म्हणाल्या, "हे मला वाचता येणार नाही. हे ज्यांनी लिहिलंय त्यांनाच बोलवा."

म्हणून शेरेकाकांना बोलावणं गेलं.

शेरेकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नोंदणी विभागात त्यांनी अडतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बावीस हेडक्लार्क म्हणून. रजिस्टरात अगदी उजवीकडे 'शेरा' असा एक रकाना असतो. बहुतेक कारकून तो मोकळा सोडतात. यांच्या हाताखालून मात्र एकही कागद शेरा पडल्याशिवाय पुढे सरकत नसे. चहा आला तरी आधी कपात डोकावून "पातळ आहे" असा शेरा मारणार आणि मगच पिणार. एका कुलसचिवांच्या रजेच्या अर्जावर त्यांनी 'कारण पुरेसे स्पष्ट नाही' असं लिहून तो परत पाठवला होता, अशी गोष्ट अजूनही ऑफिसात सांगतात. ती खरी होती.

त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, बायको जाऊन तीन. एकुलती एक मुलगी दोन तासांच्या अंतरावरच्या शहरात पाणीपुरवठ्याच्या खात्यात इंजिनियर होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन यायचा. तब्येत कशी आहे, गोळ्या घेताय ना, बरं ठेवते. एखादा छापील फॉर्म भरावा तसं ते बोलणं व्हायचं. लहानपणी ही पोरगी बापाच्या पाठीवरून उतरत नसे. सतरा-अठराव्या वर्षापासून ती अशी झाली. मोठ्या झालेल्या मुली अबोल होतात, असं काकांनी स्वतःला सांगितलं होतं आणि त्यावर विश्वासही ठेवला होता.

बोलावणं आलं तेव्हा त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दोन पेनं खिशाला लावली आणि वेळेच्या वीस मिनिटं आधी जाऊन तळघराच्या दाराशी उभे राहिले.

काम त्यांना मानवलं. सकाळी दहा ते पाच. छताला लागून एक आडवी खिडकी होती. तिच्यातून बाहेरच्या रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. टेबलावर दिवा, एका बाजूला रजिस्टरांची चळत, दुसऱ्या बाजूला बाईंनी दिलेले कोरे तक्ते. पहिल्या वर्षीचे विद्यार्थी एकोणसाठ, त्यातले पदवी घेऊन गेलेले एकेचाळीस. दुसऱ्या वर्षीचे सत्तर. कुणाच्या नावापुढे 'लढाईवर गेला', कुणापुढे 'क्षय', एकापुढे नुसतंच 'पळाला'. बाई दुपारी चहाचा थर्मास घेऊन खाली यायच्या आणि काका त्यांना एकेक शेरा वाचून दाखवायचे.

"पळाला म्हणजे? कुठे पळाला?"

"ते लिहिणाऱ्याला माहीत असतं तर त्याने लिहिलं असतं, बाई. माहिती नसताना एवढं लिहिलं हेच जास्त झालं."

बाई हसायच्या. वयाने त्या मुलीएवढ्याच असतील. काकांना त्यांचं येणं आवडायला लागलं होतं.

चौथ्या महिन्यात बाईंनी एक वेगळंच काम सांगितलं. "काका, मला बायकांचा आकडा हवाय. शंभर वर्षांत किती मुलींनी प्रवेश घेतला आणि किती पदवी घेऊन बाहेर पडल्या. दोन्ही वेगवेगळे."

त्यात काय अवघड, असं म्हणून काका बसले. आठ-दहा वर्षांची रजिस्टरं उलटल्यावर त्यांचा हात मंदावला. मुलींच्या नावांपुढे शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता. विवाह. विवाह. विवाह. कुठे वळणदार अक्षरात, कुठे घाईने, कुठे नुसतंच 'वि.'. कधी पहिल्या वर्षात, कधी शेवटच्या परीक्षेला दोन महिने असताना. हे रकाने त्यांनी स्वतः कित्येकदा भरले होते. पण एका दिवसात एक-दोन नावं भरणं वेगळं आणि इतक्या वर्षांची नावं एका बैठकीत वाचणं वेगळं.

मग त्यांच्या हातात ते रजिस्टर आलं. कापडाचा रंग त्यांनी लांबूनच ओळखला. गणित विभाग, दुसरं वर्ष, क्रमांक सत्तावीस. बायकोचं माहेरचं नाव. पुढे त्यांच्याच तरुणपणीच्या टोकदार अक्षरात लिहिलेलं: 'विवाह. अभ्यासक्रम सोडला.'

लग्नाच्या चार दिवस आधी त्यांनी ते लिहिलं होतं. चांगलं आठवत होतं. विभागातले सगळे भोवती जमले होते आणि कुणीतरी म्हणालं होतं, "नवरदेवाने स्वतःच्या हाताने लिहायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही." ते लाजले होते, हसले होते, आणि शाई वाळेपर्यंत त्यांनी त्या ओळीवर हळूच फुंकर घातली होती.

त्यांची ओळखही याच रजिस्टरावरून झालेली. तिच्या जन्मसालाचा एक आकडा त्यांच्या हातून चुकीचा पडला होता. ती खिडकीशी येऊन म्हणाली होती, "तुम्ही लिहिलंय त्या हिशोबाने मी माझ्या आईपेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे. तेवढं दुरुस्त करा, आईला बरं वाटणार नाही." दुरुस्तीला तीन खेपा लागल्या. खरं तर एका खेपेचं काम होतं.

बाई चहा घेऊन आल्या तेव्हा काका त्या पानावर बोट ठेवून बसले होते.

"ही माझी बायको," ते म्हणाले.

बाईंनी वाकून वाचलं. अक्षर कुणाचं ते त्यांनी ओळखलं असणार. चहा ओतून त्यांच्या पुढे सरकवला. मग म्हणाल्या, "यातल्या कुणी परत यायचा प्रयत्न केला असेल का हो?"

"कुणी येत नसे," काका म्हणाले. मग त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. "पण तशी सोय होती. दहा वर्षांच्या आत विशेष बाब म्हणून अर्ज करता यायचा. त्याच्या फाइली असतील."

फाइली मागच्या कपाटात निघाल्या. 'पुनःप्रवेश, मंजूर' अशी चिठ्ठी लावलेली फाइल बोटभर जाडीची होती. 'पुनःप्रवेश, नामंजूर' अशा चिठ्ठीचे गठ्ठे होते अकरा, सुतळीने आवळून बांधलेले.

दुसऱ्या दिवशी बाई कुठल्याशा बैठकीला गेल्या होत्या. काकांनी एकट्यानेच गठ्ठे सोडायला घेतले. बायका परत यायचा प्रयत्न करत नाहीत हे आपण किती बिनदिक्कत सांगितलं, याची त्यांना दुसऱ्याच गठ्ठ्याला लाज वाटायला लागली. सातव्या गठ्ठ्यात, दुपारी जेवायच्या जरा आधी, त्यांच्या समोर असा एक कागद आला की तो वाचायच्या आधीच त्यांना तो ओळखू आला. त्या अक्षरातल्या किराणा सामानाच्या याद्या त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षं खिशातून नेल्या होत्या. 'र'ची शेपटी अशीच लांब, 'ण' असाच उघडा.

अर्जावर माहेरचं नाव होतं, माहेरचा पत्ता होता. पहिला अर्ज लग्नाच्या सातव्या वर्षीचा. 'माझी मुलगी आता पाच वर्षांची असून शाळेत जाऊ लागली आहे. त्यामुळे दुपारचे चार तास मोकळे असतात. शेवटचे एक वर्ष पूर्ण करण्याची परवानगी मिळावी.' नामंजूर. खाली आधीच्या हेडक्लार्कची सही. दुसरा अर्ज पुढच्या वर्षीचा, तोच मजकूर, शेवटी एक वाक्य जास्त: 'मध्यंतरीच्या काळात मी घरी अभ्यास चालू ठेवला आहे.' नामंजूर.

तिसरा अर्ज दहाव्या वर्षीचा. मुदतीच्या आतला अखेरचा. तो लांब होता. शेवटच्या वर्षाच्या दोन्ही पुस्तकांतली सगळी प्रकरणं आपण एकटीने सोडवली असल्याचं तिने लिहिलं होतं, अडलेल्या उदाहरणांची संख्याही दिली होती, सहा. आणि शेवटी: 'माझे यजमान आपल्याच विद्यापीठाच्या सेवेत आहेत. परंतु त्यांच्या नावाचा कोणताही लाभ मला नको आहे, म्हणून येथे त्यांचे नाव लिहीत नाही. माझ्या अर्जाचा विचार माझ्या गुणांवर व्हावा.'

या अर्जाला एक टिपणी जोडलेली होती. टेबलावरच्या सहायकाने लिहिलं होतं, 'गुण उत्तम. विशेष बाब म्हणून विचार करता येईल. हेडक्लार्क यांनी पंधरा दिवसांत तपासून शेरा द्यावा.' त्याखाली कोरी जागा होती. आणि त्यामागे नकाराच्या पत्राची कार्बन प्रत, छापील मजकुराची. 'विहित मुदतीत शिफारस प्राप्त न झाल्याने आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे.' खाली सही होती. ती त्यांची होती.

काका ती सही कितीतरी वेळ पाहत राहिले. खिडकीबाहेरून पाय जात होते, येत होते. जेवणाची वेळ टळून गेली. आपण हे केलेलं नाही असं म्हणायला कुठे जागा सापडते का, ते शोधत होते. तारीख पाहिली आणि ती जागाही राहिली नाही.

ते हेडक्लार्क होऊन तेव्हा सव्वा महिना झाला होता. आधीच्या माणसाने तुंबवून ठेवलेला ढिगारा उपसायचा, सगळ्यांना दाखवून द्यायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. नकाराची पत्रं टाइप होऊन यायची. शिपाई चाळीस-चाळीस पत्रं जिन्याच्या पायऱ्यांसारखी एकावर एक सरकवून धरायचा, म्हणजे प्रत्येकाची फक्त खालची पट्टी दिसेल. त्या पट्टीवर सह्या मारत जायच्या. नाव दिसत नसे, पत्ता दिसत नसे. त्या एका दिवशी त्यांनी दोनशेच्या वर सह्या केल्या होत्या. संध्याकाळी घरी जाऊन पाय पसरून बसत त्यांनी बायकोला मोठ्या अभिमानाने सांगितलं होतं, "आज दोनशे सह्या केल्या. मनगट गेलं माझं." तिने तेल कोमट करून आणलं होतं आणि त्यांचं मनगट मांडीवर घेऊन चोळून दिलं होतं.

पत्र तिच्या माहेरी पोचायला आठवडा लागला असेल.

ते एवढ्यावरच थांबलं असतं तर काकांनी स्वतःला समजावलं असतं की नजरचूक झाली, गर्दीत झाली. पण तिने चोरून अर्ज का केला, हे त्यांना माहीत होतं. लग्न झालं तेव्हा 'पुढच्या वर्षी नाव घाल' असं त्यांनीच सांगितलं होतं. पुढच्या वर्षी मुलीच्या वेळचे दिवस राहिले. मग मुलगी लहान होती. एकदा, मुलगी चार वर्षांची असताना, तिने अगदी नीट विचारलं होतं, "यंदा भरू का अर्ज?" आणि हे म्हणाले होते, "माझ्याच विभागात माझ्याच बायकोचा अर्ज? लोक म्हणतील, घरचं काम करून घेतलं. माझी बढती अजून व्हायचीय. जरा थांब." त्यानंतर तिने विषय काढला नाही. काकांना वाटलं होतं, तिचा नाद सुटला.

बाई दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा काकांनी तीनही अर्ज त्यांच्यापुढे ठेवले आणि सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "मला हे दोन दिवस घरी न्यायचेत. मुलीला दाखवायचेत. तसं नेता येत नाही, नियम आहे. मीच केलेला."

"न्या काका," बाई म्हणाल्या. "मी काही पाहिलं नाही."

"नको. प्रती काढतो."

एवढं होऊनही ते नियम मोडायला तयार नव्हते. बाईंनी त्यांना प्रती काढून दिल्या.

शनिवारी ते मुलीकडे गेले. आधी कळवलं नव्हतं. दार तिनेच उघडलं. केस विंचरायचे राहिलेले, हातात कुठल्याशा जलवाहिनीचा नकाशा. त्यांना बघून तिच्या चेहऱ्यावर आधी भीती उमटली. "काय झालं? बरं नाही का तुम्हाला?"

"बरा आहे मी. तुला एक दाखवायचंय."

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोघं बसली. जावई बाहेर गेलेले होते, घर शांत होतं. काकांनी कापडी पिशवीतून प्रती काढल्या आणि तिच्याकडे सरकवल्या. तिने पहिला कागद वाचला, दुसरा वाचला, तिसऱ्यावर तिचा हात थांबला. मग तिने उठून आतल्या खोलीतून एक जुना पुठ्ठ्याचा फोल्डर आणला आणि त्यातून एक पिवळं पडलेलं पत्र काढून कार्बन प्रतीशेजारी ठेवलं. मूळ पत्र. घड्या इतक्या वेळा पडलेल्या की मधून ते फाटायला आलं होतं.

काकांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"मला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा आईने दाखवलं. म्हणाली, तू मध्येच सोडू नकोस, परत आत घेत नाहीत."

"आणि सही?"

"सही मी ओळखली, बाबा. प्रगतिपुस्तकावर दर तीन महिन्यांनी बघायचे मी ती."

बाहेर कुणीतरी सायकल जिन्याला टेकवून ठेवली. त्याचा आवाज आला.

"मी वाचलं नव्हतं गं," काका म्हणाले. "गठ्ठ्यात होतं. नुसत्या सह्या करत गेलो. देवाशपथ सांगतो, नाव बघितलं असतं तर…"

"तर काय केलं असतंत?"

हे त्यांना अपेक्षित नव्हतं. नाव बघितलं असतं तर आपण शिफारस लिहिली असती, असं त्यांना म्हणायचं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण सव्वा महिन्यापूर्वी हेडक्लार्क झालेला तो छत्तीस वर्षांचा माणूस त्यांना चांगला माहीत होता. त्याने तो कागद खिशात घालून घरी नेला असता आणि बायकोला विचारलं असतं, हे काय आहे, मला न विचारता?

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. "आईलाही माहीत नव्हतं. कधी म्हणायची, वाचलं नसेल गं त्यांनी, दोनशे सह्या केल्या होत्या त्या दिवशी. कधी म्हणायची, वाचलं असणार, त्यांच्या हातून न वाचता कागद सुटत नाही. दर वेळी वेगळं. तुम्ही कधीतरी आपणहून विषय काढाल म्हणून थांबली होती. शेवटी दवाखान्यातसुद्धा."

"मला विचारायचं होतं तिने."

"काय विचारणार? वाचलंत म्हणालात तर त्या घरात कसं राहायचं, हा प्रश्न होता. नाही वाचलंत म्हणालात, तर आपला अर्ज आपल्याच नवऱ्याच्या हाताखालून गेला आणि त्याला दिसलासुद्धा नाही, हे ऐकायचं होतं." तिने मूळ पत्राची घडी घातली. "त्यातलं कमी वाईट कोणतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला येत असेल तर सांगा."

काकांनी मान खाली घातली. ते रडले नाहीत. रडलो तर हिला आपल्याला समजवावं लागेल, आणि ते तिच्यावर लादायचा आपल्याला हक्क नाही, असं त्यांना वाटलं. मुलीने चहा केला. पातळ झाला होता. त्यांनी तो गुमान पिऊन टाकला.

निघताना ती म्हणाली, "या प्रती राहू देत माझ्याकडे."

सवयीने त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. प्रत कुणाच्या हाती द्यायची तर तिच्यावर 'खरी प्रत' असं लिहून सही करायची, हा अडतीस वर्षांचा शिरस्ता.

"नको," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "त्यांच्यावर तुमची सही नको."

त्यांनी पेन परत खिशाला लावलं.

बसमध्ये त्यांना एकेक गोष्ट आठवत गेली. ते पत्र आलं त्या सुमारास बायकोने त्यांच्या ऑफिसातल्या गोष्टी विचारणं बंद केलं होतं. तोवर रोज विचारायची, आज कोण आलं होतं, कुणाचा निकाल अडला. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांच्या मागे उदाहरणं सोडवत बसायची, तेही बंद झालं होतं. शेजारपाजारच्या मुलांना ती गणित शिकवायची. एकदा कुणीतरी विचारलं, काकू तुम्ही कुठवर शिकलात, तेव्हा ती म्हणाली होती, "अर्ध्यावर." काका तिथेच पेपर वाचत बसले होते. त्यांनी सुधारलं होतं, "अर्ध्यावर कुठे, दोन वर्षं झाली होती की. तीनातली दोन." तिने त्यांच्याकडे पाहिलं होतं. ते पाहणं तेव्हा त्यांना कळलं नव्हतं.

सोमवारी ते तळघरात गेले आणि बाईंना म्हणाले, "मला आणखी एक यादी करायचीय. पदवी न घेता गेलेल्यांची. सगळ्यांची, पुरुषांचीही. लढाई, क्षय, पळाला, विवाह, सगळे. तेही इथे येऊन बसले होते, शिकले होते. तुमच्या पुस्तकात त्यांची नावं असू देत."

बाईंनी ते मनावर घेतलं. समितीपुढे त्या अर्धा तास भांडल्या, असं काकांना नंतर दुसऱ्यांकडून कळलं. आताचे कुलसचिव सज्जन माणूस होते, त्यांनी काकांना स्वतः बोलावून समजावून सांगितलं. पुस्तक माजी विद्यार्थ्यांसाठी आहे. ते समारंभात लोकांच्या हातात पडणार. आपलं शिक्षण अर्धवट राहिलं हे छापलेलं बघायला कुणाला आवडेल? घरच्यांना तरी आवडेल का? आणि पानांची संख्या ठरून गेलेली आहे.

"बरोबर आहे साहेब," काका म्हणाले. त्या खुर्चीत ते असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं. याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

तरी त्यांनी यादी केली. मुख्य काम संपवून रोज दीड-दोन तास जास्त बसून, हाताने. पाच महिने लागले. नऊ हजार सहाशे चौदा नावं. गणित विभागाचं ते वर्ष आलं तेव्हा त्यांनी सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस अशी नावं ओळीने उतरवली, मध्ये थांबले नाहीत. थांबलो तर पुढे जाता येणार नाही, अशी धास्ती होती.

समारंभ थाटात झाला. पुस्तक जाड, गुळगुळीत कागदाचं. बाईंनी त्यात बायकांच्या शिक्षणावर एक प्रकरण लिहिलं होतं आणि त्यात एका ओळीत आकडा दिला होता: विवाहामुळे शिक्षण सोडलेल्या इतक्या, पुनःप्रवेशासाठी अर्ज केलेल्या इतक्या, पैकी मंजूर इतक्या. आकडे काकांनीच काढलेले, बिनचूक होते. यादीची हस्तलिखित वही बाईंच्या खटपटीने ग्रंथालयात संदर्भ विभागात ठेवली गेली. तिच्यावर क्रमांक पडला. ती कुणी मागणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मुलीला काकांनी समारंभाचं निमंत्रण पाठवलं होतं. ती आली नाही. साइटवर काम आहे, असं तिने कळवलं.

दोनेक महिन्यांनी काका ग्रंथालयात पुस्तक बदलायला गेले, तेव्हा ग्रंथपाल म्हणाले, "अहो, तुमची वही मागितली होती की कुणीतरी. गेल्या आठवड्यात. एक बाई होत्या. सकाळी अकराला आल्या, दोन वाजेपर्यंत बसल्या होत्या." संदर्भ विभागात बसणाऱ्याला हजेरीच्या वहीत नाव लिहावं लागतं. काकांनी ती उघडून पाहिली. मुलीचं नाव होतं. येण्याची वेळ, जाण्याची वेळ. 'कारण' या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'वाचन'.

मंगळवार होता तो. ग्रंथालयापासून काकांचं घर चालत दहा मिनिटांवर आहे. मंगळवारी ते दिवसभर घरीच होते. दुपारी त्यांनी भात टाकला होता, एकट्यापुरता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी तिचा फोन आला. तब्येत, गोळ्या. 'बरं ठेवते' मात्र आलं नाही. काकांना पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता.

"ती वही हाताने कशाला लिहिलीत?" ती म्हणाली. "डोळ्यांचं ऑपरेशन झालंय ना तुमचं."

"टाइप करायला कुणी मोकळं नव्हतं," काका म्हणाले. ते खोटं होतं. त्यांनी कुणाला विचारलंच नव्हतं.

"बरं," ती म्हणाली. "थेंब टाकत जा डोळ्यांत. ठेवते."

काकांनी फोन ठेवला. मग त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, डोकं मागे टेकलं आणि औषध मुरेपर्यंत डोळे मिटून बसून राहिले.